वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावू की नको?

प्रश्न: आम्ही डेन्व्हरला राहतो, फोर्ड एफ-150 पिकअप ट्रक आहे, आता 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय, भरून साधारण 6500 पौंड. यलोस्टोनला जायचंय. ट्रेलर जोडला की ट्रक मागून बसतो. डीलर म्हणतो वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचं वजन सगळ्या चाकांवर वाटून देणारी जोडणी) घ्या, शेजारी म्हणतो मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग टाका, स्वस्तात काम होईल. दाराच्या स्टिकरवर पेलोड (ट्रकवर माणसांसकट टाकता येणारं वजन) 1600 पौंड लिहिलाय.

उत्तर: हिच घ्या. एअरबॅगने ट्रकची मागची बाजू वर येईल, दिसायला सरळ दिसेल, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही आणि खरी भीती तिथेच आहे. हिशोब बघा, ट्रेलरच्या वजनाचे 13 टक्के धरले तर बॉलवर (ट्रकच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलर टेकतो) 845 पौंड येतात, बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या चार-सव्वाचार फूट मागे, त्यामुळे पुढच्या चाकांवरचे जवळपास 290 पौंड उचलले जातात आणि मागच्यांवर 1100 च्या वर पडतात. मग स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेकलाही पुढची पकड कमी मिळते, आणि तुम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेच्या डोंगरातले आयसेनहॉवर टनेलकडचे 6-7 टक्क्यांचे उतार उतरणारे लोक! हिचचे स्प्रिंग बार तरफेसारखे काम करून वजन पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात.

रिसीव्हरवरचं (ट्रकच्या मागची, हिच बसवायची चौकोनी नळी) लेबल पण वाचा, तिथे साध्या बॉलचा आणि या हिचचा असे दोन वेगळे आकडे असतात, बऱ्याच एफ-150 वर साध्या बॉलला ट्रेलरचं 5000 पौंड आणि टंगचं (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचं बॉलवर येणारं वजन) 500 एवढंच असतं. म्हणजे तुमच्या ट्रेलरला साधा बॉल बहुतेक चालणारच नाही.

पण हिचमुळे पेलोड वाढत नाही हो, इथेच लोक फसतात. टंगचे 845, हिचचे स्वतःचे 90, घरातले चौघं 600 धरा, झाले 1535. उरले 65 पौंड! सायकली, कूलर, जनरेटर ट्रकच्या मागे टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. सगळं ट्रेलरच्या मागच्या टोकालाही कोंबू नका, बैलगाडी उलाळ होते तसं टंग हलकं होतं, आणि ट्रेलरच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या खाली गेलं की वाटेतल्या वायोमिंगच्या वाऱ्यात ट्रेलर झुलायला लागतो. झुलला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, ट्रेलर ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) लिव्हर हाताने दाबा, ट्रकचा ब्रेक जोरात मारू नका.

सेटिंग घरीच जमतं. पुढच्या चाकाच्या कमानीची उंची मोजा, समजा ट्रेलरशिवाय 36 इंच, जोडल्यावर 37, तर बार लावल्यावर 36.5 च्या आसपास यायला हवी, नेमकी किती ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये बघा. पूर्ण 36 वर आणायच्या नादात जास्त ताणू नका, मागची चाकं हलकी होतात. मग ट्रकस्टॉपवरच्या वजनकाट्यावर सगळं सामान आणि माणसं भरूनच तीनदा वजन करा: बार लावून, बार काढून, आणि ट्रेलर सोडून नुसता ट्रक. हे केल्याशिवाय निघू नका.

प्रश्न: बोटीच्या ट्रेलरला हीच हिच चालेल का?

उत्तर: आधी ट्रेलरचे ब्रेक कोणते ते बघा. बोटीला बहुतेक सर्ज ब्रेक असतात, ते कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) पुढे-मागे सरकून लागतात, आणि काही हिच तो कपलर सरकूच देत नाहीत. सर्ज ब्रेकसाठी चालते असं हिचच्या कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल तरच लावा.