लॅपटॉप कपाटातून काढा, मग एमसीएचं बोलू

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही खानापूरहून रोज बेळगावच्या उद्यमबागला फाउंड्रीत जाता, लेक बेळगावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स-मॅथ्स, आतापर्यंत ७१ टक्के, आणि तिला पॉलिमर, म्हणजे साखळीसारखे लांब रेणू, अन् जेल ह्यांचं कॉम्प्युटर सिम्युलेशन शिकायचंय, म्हणजे ते कसे हलतात ते कॉम्प्युटरवर हिशोबाने बघणं. तुमचं म्हणणं, कॉम्प्युटरच करायचाय तर सरळ एमसीए कर, आणि हे मी तिला समजवावं. मार्कांचं मला काहीच वाटलं नाही. मी अडकले ते तुम्ही मध्येच लिहून गेलात तिथं, की रात्रभर लॅपटॉप चालू ठेवते म्हणून तीन आठवडे झाले तो कपाटात कुलूप लावून ठेवलाय, आणि चार ओळी सोडून लिहिलंय की हल्ली ती आमच्याबरोबर जेवायला बसत नाही.

भाऊ, ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हो. सिम्युलेशन रात्रभरच चालतं. रेणूंच्या जागी मण्यांच्या साखळ्या मांडायच्या, प्रत्येक मण्यावर किती जोर येतोय ते काढायचं, त्याला किंचित हलवायचं, परत जोर काढायचा, असं लाखो वेळा, साध्या लॅपटॉपवर त्याला रात्र जाणारच. भट्टी लावल्यावर निम्म्यात कुणी येऊन बंद केली तर तुम्हाला काय वाटेल? रात्रभर काय चालतंय हे तिला एकदा तरी विचारलंत का? चार पानांच्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीत आलंय, आणि ‘पावणे विचारतात, काय सांगू’ हे मात्र तीनदा. पावण्यांना सांगायला सोपं जावं म्हणून पोरीची दोन वर्षं एमसीएत घालायची, हे मला अजिबात पटत नाही.

आता तो गैरसमज. कॉम्प्युटरवर होतं म्हणजे ही कॉम्प्युटरची लाईन, असं नाही. एकेक अणू धरून हिशोब केला तर कॉम्प्युटरचं एक पाऊल साधारण एक फेम्टोसेकंदाचं, म्हणजे दहा लाख पावलं टाकली तरी एक नॅनोसेकंदच, सेकंदाचा अब्जावा भाग, होतो, आणि जेल सावकाश खाली बसायला काही सेकंद, कधी तास लागतात. तिथवर कसं पोचायचं? मग कितीतरी अणूंचा मिळून एक मणी धरतात आणि मणी एकमेकांना स्प्रिंगने जोडतात. क्रेमर आणि ग्रेस्ट यांचं १९९० चं असं मॉडेल आजही वापरात आहे. पण काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे कोडिंग येणारा ठरवू शकत नाही, त्याला फिजिक्स लागतं. सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, लॅम्प्स नावाचं, ते चालवायला कुणीही शिकेल, आलेलं उत्तर खोटं आहे हे ओळखायला मात्र स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, म्हणजे असंख्य कणांच्या एकत्र वागण्याचं फिजिक्स, पक्कं पाहिजे. ते एमसीएत शिकवत नाहीत.

‘दही-जेलीचा अभ्यास करून पोट भरतं का’ असं तुम्ही विचारलंय. तुम्ही कोअर शॉपमध्ये, साच्यातले वाळूचे गाभे करताना, वाळूत रेझिन आणि हार्डनर मिसळता की. थोडा वेळ वाळू हाताला मोकळी असते, पेटीत भरता येते, मग ती धरते, आणि वेळ चुकली तर माल वाया. साखळ्यांमध्ये गाठी पडत जातात आणि वाहणारं घट्ट होतं, लेकीचा विषय हाच तर आहे! अजून एक बघा. चार पट्ट्यांची चौकट चार कोपऱ्यांवर एकेक बोल्ट मारून केली तर ती कलते, पाचवी तिरकी पट्टी टाकली की ताठ. किती सांध्यांना किती पट्ट्या पुरतात हा हिशोब मॅक्सवेलने १८६४ मध्ये मांडला आणि जेल कधी ताठ होतं ह्याचा विचार आजही तिथून सुरू होतो. जेलमध्ये गुंता जास्त आहे कारण साखळ्या स्वतः सतत वळवळत असतात आणि त्या वळवळीनेच ओढ तयार होते, म्हणून नुसती पट्ट्यांची मोजणी पुरत नाही, सिम्युलेशन लागतं. रंग, टायर, साबण, चिकटवायचे डिंक, औषधं, सगळीकडे हेच प्रश्न आहेत.

रस्ता म्हणाल तर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी आणि मग पीएचडीसाठी नेट-गेट परीक्षा, किंवा जॅम देऊन थेट आयआयएस्सीचं इंटिग्रेटेड पीएचडी. बेंगळुरात आयआयएस्सी, रामन इन्स्टिट्यूट, जेएनसी आणि पुण्यात एनसीएल ह्या संशोधन संस्था, सगळं आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर. ‘मुलीला बेंगळुरास पाठवणार नाही’ म्हणाल तर मग एमसीएनंतरची नोकरी तरी कुठं मिळणार, खानापुरात? वेळ लागतो, सात-आठ वर्षं धरा, आणि नोकरीची हमी मी देणार नाही. पण पीएचडीला जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर एचआरए, म्हणजे घरभाडं, म्हणजे तोवर तुमच्यावर बोजा नाही.

तिला माझा निरोप द्या की मॅथ्समध्ये ५८ आहेत ते चालणार नाहीत, लिनियर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स मुळापासून परत कर, जॅम फेब्रुवारीत असते. हे मात्र तुम्ही रागावून सांगू नका, पत्र तसंच तिच्या हातात द्या.

आणि आज ड्युटीवरून आल्यावर लॅपटॉप काढा, चार्जरसकट. तिला म्हणा, मला ती चौकट आणि तुझे मणी दाखव. रेझिन धरायला किती वेळ लागतो हे तिला तुमच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही, ते तिला सांगा. एमसीएचं काय ते त्यानंतर दोघं मिळून मला लिहा.