मोडलेली पिन आणि बंद बटण

प्रश्न : आमच्या न्हाणीघराबाहेरच्या बोर्डावर हिवाळाभर पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड लावत होतो. चैत्र लागल्यापासून त्याच लहान सॉकेटवर कूलर लावला आहे. परवा झाडताना कूलर ओढला, वायर ताणली गेली, थ्रीपिनचे टॉप फुटले आणि एक पितळी पिन सॉकेटमध्येच अडकली. नखाएवढी ती बाहेर दिसते. सासूबाई म्हणतात, बटण बंद करून, पायांत स्लिपर घालून सांडशीने ओढून काढ. यजमान म्हणतात, लाईट गेली की काढू. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत, म्हणून कृपया यांपैकी काहीही करू नका. त्या बोर्डाचे एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारे, मीटरजवळच्या पेटीतले बटण) बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा, घरातल्या प्रत्येकाला तसे सांगा आणि लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

बोर्डावरचे बटण दोन तारांपैकी एकच तार तोडते. ती फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, असली तरच सॉकेट मृत होते. जुन्या माळवदाच्या घरांत, जिथे वायरिंगला वेळोवेळी वेगवेगळे हात लागलेले असतात, तिथे फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले सापडतात. मग बटण बंद केल्यावर कूलर थांबतो खरा, पण सॉकेटच्या एका भोकात आणि त्यात अडकलेल्या तुमच्या पिनेत 230 व्होल्ट तसेच उभे असतात. लाईट गेल्यावर काढण्याचा बेत तर त्याहून फसवा आहे. गेलेली लाईट केव्हा येईल हे तुमच्या हातात नसते, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावरही काही पॉइंट चालूच राहतात. कोणता पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला आहे, हे घरातल्या माणसांनाही बऱ्याचदा ठाऊक नसते.

सांडशी लोखंडाची असते, म्हणजे तिने पिन धरणे आणि बोटांनी धरणे यांत फरक नाही. स्लिपरचा भरवसा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर धरता येत नाही. शिवाय दुसरा हात नळाला, ओल्या भिंतीला किंवा कूलरच्या पत्र्याला टेकला, तर प्रवाह एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जातो आणि या वाटेने हृदयाला मोठा धोका असतो.

आता काढायची कशी ते सांगतो. काम दिवसाउजेडी करावे. टेस्टर आधी एखाद्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करून घ्यावी, कारण बिघडलेला टेस्टर सगळ्याच ठिकाणी ‘काही नाही’ असे सांगतो. त्यानंतर घराचा मेन स्विच पाडावा. तो दोन्ही तारा तोडणारा असला पाहिजे. इन्व्हर्टरही त्याच्या बटणाने बंद करावा. मग टेस्टर त्या मोडक्या पिनेला आणि सॉकेटच्या उरलेल्या दोन्ही भोकांत लावून पाहावा. कुठेही दिवा पेटला, अगदी मिणमिणला तरी, काम तिथेच सोडून वायरमनला बोलवावे. काहीच पेटले नाही, तर हात आणि जमीन कोरडी करून, प्लास्टिकच्या मुठीच्या नोज पक्कडीने पिन सरळ स्वतःकडे ओढावी. हिसका देऊ नये, पीळ देऊ नये. पिन आत तुटून भोकाच्या पातळीला गेली असेल, तर सुई, सेफ्टी पिन किंवा तार घालून ती उकरू नका. तिथे बोर्ड उघडणे हाच मार्ग आहे आणि ते काम परवानाधारक वायरमनचे आहे.

निघालेली पिन जरा उजेडात धरून पाहा. पितळ तांबूस-काळे पडले असेल, टॉपच्या प्लास्टिकला जळका वास असेल आणि ते कडेने ठिसूळ झाले असेल, तर वायरीच्या ताणाने फक्त शेवटचा घाव घातला, मोडतोड हिवाळ्यातच सुरू झाली होती असे समजा. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि लहान सॉकेट 6 अँपिअरचे असते. रोज सकाळी तापून आतली पाती सैल होतात, सैल पाती अधिक तापतात, आणि त्या उष्णतेने टॉप भाजत जाते. म्हणून नुसते टॉप बदलून भागणार नाही, सॉकेटही बदलून घ्या. नाहीतर नवे टॉपही त्याच वाटेने जाईल. रॉडसाठी 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट जाड तारेने काढून घ्यावा.

नवे टॉप आयएसआय खुणेचे घ्या. तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थची, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी. जुन्या वायरीत हेच रंग अनुक्रमे लाल, काळा आणि हिरवा असे असतात. टॉपच्या आत अर्थची तार थोडी लांब ठेवायला सांगा, म्हणजे वायर कधी हिसकली गेलीच तर ती सगळ्यांत शेवटी सुटेल.

प्रश्न : आमच्या कूलरच्या टॉपची वरची जाड पिन मोडली आहे. पेनच्या टोकाने सॉकेटचे झाकण सरकवून उरलेल्या दोन पिनांवर तो उत्तम चालतो. हरकत आहे का?
— एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : हरकत आहे, आणि ती मी आग्रहाने घेतो. ही जाड पिन अर्थची. ती मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे टॉप घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. पत्र्याच्या अंगाचा, पोटात पाणी असलेला कूलर हे या पिनेची सर्वाधिक गरज असलेले घरातले यंत्र आहे. मोटारीतली फेजची तार घासून पत्र्याला लागली, तर अर्थमार्गे मोठा प्रवाह वाहून एमसीबी पडते. अर्थ नसेल तर काहीच पडत नाही; कूलर गार हवा देत राहतो आणि पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून प्रवाह जमिनीत जातो. टॉप आजच बदला आणि तोवर कूलर बंद ठेवा. टाकीत पाणी भरताना तर टॉप नेहमीच सॉकेटमधून काढून ठेवावे.

पिन बसवली तरी तिच्यामागे अर्थिंग हवे. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि कोरडी माती प्रवाह नीट वाहून नेत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असेल तेव्हा भांडी विसळलेले पाणी चालेल. सोबत 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवता आले तर जरूर बसवा. एमसीबी वायरिंगला जपते. माणसाच्या अंगातून गळणारा थोडासा प्रवाह ओळखून पुरवठा तोडण्याचे काम आरसीसीबीचे आहे. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून, ते खरोखर पडते की नाही हे पाहत जा.