२० हजारांत ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस दोन्ही बदलता येतील का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: मुलाच्या पीसीत आय५-१०४०० प्रोसेसर, एच४१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि कॅबिनेटसोबत आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आहे. त्याला गेम खेळायचेत आणि ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं-अ‍ॅनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअरही शिकायचंय. दुकानदार म्हणतो, एसएमपीएस चालून जाईल, सगळे पैसे कार्डात घाला.

२० हजारांत दोन्ही होतं. दुकानदाराचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. आधी एसएमपीएस घ्या आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड घ्या.

आजच एक काम करा. पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटची डावी बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातला ‘४५०’ बघू नका. खाली छोटा तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचं पोट जवळजवळ पूर्णपणे या १२ व्होल्टवरच भरतं. तिथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या बेरजेतून फुगवलेला असतो, तुमच्या कार्डाला त्याचा काडीचा उपयोग नाही. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ३६ अँपिअरच्या आसपास दिसतं, म्हणजे ४३२ वॅट.

स्टिकरवरचा आकडाही नेहमी खरा असतोच असं नाही. एसएमपीएस हातात घेऊन वजन बघा. डब्यासारखा हलका लागला, वायरी बारीक असल्या आणि कार्डासाठी ६+२ (म्हणजे ८) पिनची वेगळी वायर नसली, तर तो ऑफिसच्या कामापुरताच आहे हे नक्की समजा.

हे मी इतकं जोर देऊन लिहितोय कारण ही चूक मी केली आहे. २०१८ मध्ये सेकंडहँड आरएक्स ५८० घेतलं. ते १८५ वॅटचं कार्ड मी कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर चढवलं, तेही दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीचे चार पिनचे कनेक्टर) जोडून ८ पिन करणारा अडॅप्टर लावून. दोन दिवस व्यवस्थित चाललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेम चालू असताना टक् असा आवाज आला, स्क्रीन काळी झाली आणि खोलीभर जळकट वास पसरला. उघडून पाहिलं तर अडॅप्टरचा पांढरा प्लास्टिक कनेक्टर तपकिरी होऊन वितळला होता. एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचलं, पण आईने भिशीतून दिलेले पैसे गेले ते गेलेच. तुमच्या घरात तसं होऊ नये म्हणून मोलेक्स किंवा साटावरून (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणाऱ्या कनेक्टरवरून) कार्डाला वीज देणारा अडॅप्टर विकतच घेऊ नका. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टची मर्यादा ५४ वॅट आहे आणि कार्डाची ८ पिन १५० वॅटपर्यंत मागू शकते. वितळतं ते यामुळेच.

आता किती वॅटचा घ्यायचा? आय५-१०४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी जोर लावताना थोडा वेळ तो १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो. मधल्या दर्जाचं कार्ड १३० च्या घरात. मदरबोर्ड, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. ३२० च्या आत बसलं. म्हणून ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस तुम्हाला पुरून उरेल, पुढे मुलाने थोडं मोठं कार्ड घेतलं तरी चालेल. ७५० च्या मागे लागू नका. ब्राँझ म्हणजे निम्म्या भारावर साधारण ८५ टक्के कार्यक्षमता, एवढंच ते सांगतं. आतले भाग किती टिकाऊ आहेत हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वॉरंटी बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणारा ब्राँझ मिळतो. कॉर्सेअरचा सीएक्स५५० किंवा डीपकूलचा पीके५५०डी या जातीचा बघा. चार हजार यासाठी बाजूला काढून ठेवा आणि त्या पैशांना हात लावू नका. एसएमपीएस सेकंडहँड घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

कार्डाचं उत्तर ब्लेंडरवर अवलंबून आहे, आणि दुकानदार तुम्हाला हे सांगणार नाही. स्वस्तात मिळतं म्हणून आरएक्स ५८० गळ्यात मारतील. ब्लेंडर ३.० मध्ये ओपनसीएल (असल्या कार्डांकडून काम करून घेणारी यंत्रणा) काढून टाकलं, तेव्हापासून त्या कार्डावर सायकल्सचं, म्हणजे ब्लेंडरमधल्या मुख्य इंजिनाचं, रेंडरिंग (अंतिम चित्र तयार करणं) होतच नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. मुलगा खरंच मनापासून ब्लेंडर शिकणार असेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्स घ्या, कारण तिथे ऑप्टिक्स ही एनव्हिडियाची वेगवान रेंडरिंगची यंत्रणा चालते आणि रेंडरच्या वेळेत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं मॉडेल (१३० वॅट) बघा. सेकंडहँडमध्ये ३०६० चं १२ जीबीचं मिळालं तर उत्तमच. ते १७० वॅटचं आहे, पण ५५० च्या एसएमपीएसवर आरामात चालेल. ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल वेगळं आहे हे लक्षात ठेवा. ते ७० वॅटचं, बहुतेकांना वेगळी वायर लागत नाही, पण वेगही कमी. नाव सारखं असल्यामुळे दुकानात गल्लत होते, बॉक्सवर नीट वाचा.

गेमच मुख्य असतील आणि ब्लेंडर हौसेपुरतं, तर आरएक्स ६६००. १३२ वॅट, ८ जीबी, एकच ८ पिन. १०८०पी वर ते ३०५० पेक्षा स्पष्टपणे पुढे आहे. एक कार्ड मात्र टाळा: आरएक्स ६५०० एक्सटी. त्याला पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या जोडणीच्या) फक्त चार लेन आहेत आणि तुमचा एच४१० बोर्ड जुन्या, हळू पीसीआयई ३.० चा आहे, त्यामुळे ४ जीबी मेमरी भरली की ते अडखळतं.

सेकंडहँड घेणार असाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात, पण कार्ड चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडरची, म्हणजे कार्डातल्या छोट्या प्रोसेसिंग युनिट्सची, संख्या बघा: आरएक्स ६६०० ची १७९२, ३०६० ची ३५८४. बनावट बायोस टाकून दुसऱ्याच नावाने विकलेलं जुनं कार्ड बहुतेकदा तिथेच पकडलं जातं. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके, चौकोन किंवा रेघा दिसल्या तर तिथूनच परत फिरा. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं तेव्हा ढिगांनी कार्डं बाजारात आली, त्यातली अजून फिरतायत. मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे झिजलेले असतात, ते हाताने हळू फिरवून बघा. सिरियल नंबर, मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी तपासा. टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

यूपीएसचा विचार तुम्ही प्रश्नात केलेला नाही, आणि आपल्याकडे तो करावाच लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. कार्ड पूर्ण जोरात असताना लाइट गेली की मॉनिटरसकट भार त्याच्या काठावर जातो आणि तो बीप करून सरळ बंद पडू शकतो. मुलाला सांगून ठेवा: लाइट गेली की गेम थांबवायचा, फाइल सेव्ह करून पीसी बंद करायचा. शिवाय अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्या पॉइंटला अर्थिंग नाही. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण मागे तिसरी वायरच जोडलेली नसते. नवा एसएमपीएस बसवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते करून घ्या.

बसवताना तीनच गोष्टी. प्रोसेसरची ४+४ पिन आणि कार्डाची ६+२ पिन दिसायला सारखी असते, जोर लावून बसवू नका. मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणारा) एसएमपीएस घेतलात तर त्याच्याच वायरी वापरा, दुसऱ्या एसएमपीएसच्या लावल्या तर एसएसडी जळू शकतो. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डात लावा. तुमच्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स आहेत, त्यामुळे केबल जुन्याच जागी राहिली तर गेम त्याच्यावरच रखडत चालेल आणि नवीन कार्ड खराब निघालं असं वाटेल.

पैसे उरले तर ८ जीबीची दुसरी स्टिक टाका. एका स्टिकवर रॅम सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वाटेने, चालते, काही गेममध्ये नवं कार्डसुद्धा त्यामुळे अडतं.

एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढून प्रश्नात जोडा, आणि कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर जागा आहे तेही मोजून लिहा. दोन-तीन पंख्यांची काही मॉडेल लांब असतात, तुमच्या कॅबिनेटमध्ये कोणतं बसेल ते मी बघून सांगतो.