ताटाभोवतीचं पाणी

प्रिय चिनू,

परवा जेवताना तू विचारलंस, "बाबा, तू ताटाभोवती पाणी फिरवतोस, पण मंत्र म्हणत नाहीस, देवही मानत नाहीस. मग ही तुझ्या उंदरांतल्या खोट्या जनुकांसारखी मेलेली नक्कलच ना?" आई हसली. मी भात कालवत राहिलो, पण लागलं.

पंचाईत अशी की तू बोललीस ते चपखल होतं. खोटं जनुक बहुतेकदा होतं ते असं: जनुकाचा आरएनए, म्हणजे कामापुरती प्रत, बनतो, त्यातले इंट्रॉन, म्हणजे मधले नको असलेले तुकडे, छाटले जातात, आणि कधीतरी त्या उरलेल्या आरएनएवरून उलट डीएनए बनून भलत्याच जागी जाऊन बसतो. सोबत प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, नसतो, म्हणून ती नक्कल बहुधा मुकीच राहते. अण्णांचं सगळं साग्रसंगीत होतं: पाट, सोवळं, पाणी, ताटाच्या उजवीकडे भाताच्या चित्राहुती, मग आपोशन. माझ्यापर्यंत आलं ते नुसतं पाणी.

त्या चित्राहुती मुंग्यांसाठीच असतात अशी माझी खात्री होती. वाईच्या घरात जमीन शेणाने सारवलेली, अण्णा उठेपर्यंत रांग लागायचीच. मी एकदा चार शितं जास्त ठेवली तर माई म्हणाली, "पुरे, मुंग्यांची मुंज नाही झालेली अजून!" माझी झाली आणि मीही अण्णांशेजारी बसून करू लागलो. पोटात कावळे ओरडत असताना तेवढा वेळ हात आवरायचा, एवढंच त्यातलं मला कळायचं. सुमाआत्या माझ्याहून मोठी, पण तिला कुणी शिकवलं नाही. ती आणि माई मागाहून बसायच्या, गार आमटीवर. शेजारच्या विठूकडे तर हे काहीच नव्हतं, आणि जेवण आमच्यापेक्षा चवदार असायचं. त्यामुळे "मराठी माणसं असं करतात" असं काही मी तुला सांगणार नाही.

तुला गप्प करायला माझ्याकडे एक गोष्ट होती खरं तर. मॅकोरिन-१ हे प्रथिनांना युबिक्विटिन नावाची छोटी खूण चिकटवणारं एन्झाइम. उंदरात त्याच्या जनुकाची अशीच एक अर्धवट नक्कल आहे. २००३ साली 'नेचर'मध्ये छापून आलं की या नकलेतून आरएनए बनतो, त्याच्यामुळे मूळ जनुकाचा आरएनए टिकतो, आणि ती बिघडली की उंदरांची हाडं, मूत्रपिंडं बिघडतात. काय खूश झालो होतो आम्ही पोरं! २००६ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की नक्कल मुकीच आहे, तिचा वाटलेला आरएनए मूळ जनुकाचाच होता. गेली माझी गोष्ट. पण २००८ मध्ये उंदरांच्याच अंडपेशींत दुसऱ्या काही नकला खरंच बोलताना सापडल्या. त्यांच्या आरएनएचे बारीक तुकडे मूळ जनुकांना आवर घालतात.

माझी यातली कुठली, मला ठरवता येत नाही. इथे आल्यावर मी हे सोडलंच होतं. कॅन्टीनच्या ट्रेभोवती काय पाणी फिरवणार? अण्णा गेल्याचा फोन आला त्या रात्री फ्रिजमधला भात गरम केला आणि हात आपोआप फिरला. मंत्र अर्धाच आठवला. श्रद्धा म्हणशील तर नाही. सवय म्हणावी, तर ती मधे सुटली होती की.

तू करावंस असं अजिबात नाही. वाटलंच कधी, तर मुंजीची अट मी काढून टाकली आहे. फक्त थेंबभर पाणी घे, टेबल ओलं झालं की आई मला ओरडते. आणि सुमाआत्याला एकदा विचार, तिला हे सगळं कसं वाटायचं. ती माझ्यापेक्षा खरं सांगेल.

बाबा