नेहमीची बिअर हल्ली वेगळी का लागते?

बिअर बनवायची कृती बदललीही असेल, पण आधी उत्पादनाची तारीख बघा. बाटलीत भरल्या दिवसापासून बिअर शिळी होत जाते. हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांचा वास आणि कडवटपणा उतरतो, मग आत उरलेल्या किंचितशा ऑक्सिजनमुळे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. गरम गोदामात पडलेल्या खोक्यांत तर हे फारच झपाट्याने होतं. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला थेट ऊन लागलं की काही मिनिटांतच गंधकासारखा उग्र दर्प येतो. तपकिरी बाटली बरीच वाचवते, कॅनमध्ये उजेड शिरतच नाही.

खात्री करायची तर दोन महिन्यांच्या आतला कॅन घ्या, 5 ते 7 अंशांवर गार करा आणि स्वच्छ धुतलेल्या ग्लासात ओता. फेस लगेच बसला तर ग्लासाला साबण किंवा तेल लागलेलं असू शकतं. तरीही चव वेगळीच लागली, तर मात्र कृतीवर संशय घ्या.