'बैल गेला अन् झोपा केला' मधला झोपा म्हणजे काय?

प्रश्न: दादा, आमचं गाव औश्याजवळ, पण लेकराच्या शाळेपायी आता लातूरला राहतो. पोरगा सातवीत, इंग्लिश मीडियमला. घोडा पळून गेल्यावर तबेल्याचं दार लावणं, अशी एक इडियम त्याला आली होती. मी म्हणलं सोपंय की, आपलं 'बैल गेला अन् झोपा केला'. तर तो म्हणतो, मम्मी, बैल गेल्यावर झोपायचं कशाला? लय वाईट वाटलं. असल्या म्हणी आता शिकवाव्यात का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: ताई, शिकवाच. पण पोराची चूक नाही, त्यानं झोपा बघितलाच नाही तर त्याला झोपच आठवणार. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचं दार, आपल्याकडं तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळल्या काड्या, बांधून करायचे, रात्री लावायचा अन् सकाळी बाजूला सरकवायचा. आता शेडला लोखंडी गेट असतं, अन् बऱ्याच घरी शेडात बैलच नाही, ट्रॅक्टर उभाय.

तुम्ही लावलेली जोडी मात्र एकदम बरोबर आहे. चूक तीच, फक्त त्यांच्या दारात घोडा होता अन् आपल्या दारात बैल. तसंच दाताचं. फुकट मिळालेल्या घोड्याचं तोंड बघू नये असं इंग्रजीत म्हणतात, आपण दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतो, कारण जनावराचं वय दातावरनं कळतं. गाईबैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात, ते जोडी-जोडीनं बदलतात, म्हणून बाजारात आदत (अजून दुधाचेच दात असलेला), दोनदाती, चारदाती, सहादाती अन् मग जुळलेला (आठही दात बदललेला) असं बोलतात. हे शब्द ज्याच्या कानावर पडले त्याला ही म्हण समजून सांगावी लागत नाही.

इंग्रजांचं बी तसंच झालंय बरं का. कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून ते कॅनरी पक्षी न्यायचे, पक्षी गळाला की माणसं बाहेर. ब्रिटनमध्ये 1986 पासून त्या जागी मशीन आली, तरी धोक्याची पहिली खूण दिसली की आजही ते खाणीतल्या कॅनरीचंच नाव घेतात. अन् आपण विहिरीवरची मोटर पाच एचपीची म्हणतो, त्यातला एच म्हणजे हॉर्स, घोडाच. जेम्स वॅटनं अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनाची ताकद घोड्याच्या कामाशी लावून मोजली होती, ते माप आपल्या शेतात अजून चालूय. पोराला हे सांगा, त्याला आवडंल.

मला खरी काळजी शब्दाची नाही, गोठ्याची वाटते. म्हणी पुस्तकात राहतील, पण जनावराच्या अंगावर हात फिरवलेलं लेकरू कुठून आणायचं? येत्या पोळ्याला त्याला गावाकडं न्या, कुणाच्या दावणीला देवणी नाहीतर लालकंधारी जातीचं जनावर असंल तर मालकाला दात दाखवायला सांगा. अन् झोपा कुठंच दिसला नाही, तर चार तुराट्या गोळा करून त्याच्याच हातानं एक बांधून घ्या.