ऑनलाइन छळाचा त्रास विद्यापीठातल्या सगळ्यांना सारखाच होतो ना? मग त्यात लिंगभाव आणि संस्कृती कशाला?

मी विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचं काम करते. तुम्ही म्हणता तसं खोटी अकाउंट्स, घाणेरडे मेसेज, ग्रुपमधून काढून टाकणं हे मुलग्यांच्याही वाट्याला येतं आणि मुलींच्याही. पण मेसेज वाचल्यावर पोटात जी भीती उभी राहते, ती प्रत्येकाची वेगळी असते, आणि पुढचं सगळं तिच्यावरच ठरतं.

जिथे मुलीचं वागणं घराच्या अब्रूशी बांधलेलं असतं, तिथे तिची पहिली भीती छळणाऱ्याची नसतेच. 'घरी कळलं तर?' ही असते. मॉर्फ केलेला फोटो खोटा निघाला तरी 'मुळात फोटो टाकलासच कशाला?' हे तिलाच ऐकावं लागतं. मग फोन काढून घेतला जातो, कधी शिक्षणच थांबतं. म्हणून ती कुणालाच सांगत नाही, आणि छळणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तिच्या या गप्प बसण्यावरच त्याची धमकी चालते. अशा ठिकाणी तक्रारी कमी आल्या म्हणून 'आमच्याकडे हा प्रकार नाही' असं कुणी म्हणालं, की मला फार चीड येते.

मुलग्यांना त्रास कमी होतो असं मात्र समजू नका. प्यू रिसर्च सेंटरने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या पाहणीत ऑनलाइन शिव्या खाल्लेले पुरुष 35 टक्के होते, स्त्रिया 26 टक्के. लैंगिक छळाचं चित्र उलटं होतं: पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांपैकी 33 टक्क्यांनी तो सोसला होता, त्याच वयाच्या पुरुषांपैकी 11 टक्क्यांनी. मुलगा सांगायला आला तरी बहुतेकदा 'मित्राचा प्रॉब्लेम आहे' असं म्हणत येतो, कारण दुखावलं गेल्याचं कबूल करणं त्याला कमीपणाचं वाटतं.

समलिंगी विद्यार्थ्याच्या बाबतीत तर शिवीगाळ न करताही छळ होतो. त्याचं खासगी आयुष्य इतरांपुढे उघडं केलं की पुरतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात पहिल्या वर्षाला असलेल्या टायलर क्लेमेंटीचे खासगी क्षण त्याच्या रूममेटने वेबकॅमवरून पाहिले आणि ट्विटरवर त्याबद्दल लिहिलं. काही दिवसांतच टायलरने जीव दिला.

संस्कृतीमुळे छळाची रीतही बदलते. जपान आणि दक्षिण कोरियातल्या शाळांच्या अभ्यासांत अख्ख्या वर्गाने मिळून एकाला वाळीत टाकणं ठळकपणे दिसतं. जिथे माणसाची ओळखच गटावर उभी असते, तिथे ग्रुपमधून गुपचूप वगळलं जाणं शिवीपेक्षा जास्त लागतं. परदेशी शिकायला गेलेल्याचं आणखी अवघड: कुठली चेष्टा तिथे चालते आणि कुठली हद्द ओलांडते, हेच त्याला कळत नाही, म्हणून तो स्वतःलाच दोष देत बसतो.

अर्थात, नुसता देश पाहून कुणाचा अंदाज बांधू नये. एकाच गावातल्या दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून मी आधी विचारते, 'हे कुणाला कळू नये असं वाटतंय?' नाव कळलं की त्या व्यक्तीपर्यंत न पोचता काय काय करता येईल ते दोघं मिळून ठरवतो. तोवर स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवायचे, काहीही डिलीट करायचं नाही, आणि तक्रार करायची की नाही हे त्या विद्यार्थ्यानेच ठरवायचं.